आगोट आणि शबनम

कोकणात ‘आगोट’ हा शब्द पावसाळ्याच्या तोंडावरच्या दिवसांसाठी वापरतात आणि त्या दिवसांत करून ठेवायच्या बेगमीसाठीही. लाकूडफाटा रचायचा, आमसुले, सांडगे, सुकी मासळी डब्यांत बंद करायची, पडवीला झापे बांधायची. पाऊस ठरल्या वेळी येईल आणि ठरल्या वेळी जाईल, हा विश्वास या बेगमीमागे असतो. वादळ हा विश्वास पाळत नाही. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्या वेळी आमच्या श्रीवर्धनच्या घरात दोन तऱ्हांची तयारी झाली होती, एक आईची आणि एक माझी.

विहिरीवर पंप बसल्यापासून अडगळीत पडलेला पोहरा आणि दोर आईने आदल्या दिवशीच शोधून काढला. फ्रिज बंद पडणार हे तिने गृहीतच धरले होते. इन्सुलिनची वापरातली कुपी महिनाभर बाहेर टिकते; पण शिल्लक कुप्यांना गारवा हवा. म्हणून त्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा तिने मडक्यातल्या ओल्या वाळूवर ठेवला आणि मडक्यावर ओले फडके बांधले. टाळेबंदीच्या दिवसांत औषध पुन्हा कधी मिळेल, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

मी माझी शबनम भरली. लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक, पदव्यांची प्रमाणपत्रे, बँकेची कागदपत्रे, सारे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. आपण काही विसरलो नाही, याचे समाधानही वाटले. माडीवरच्या टेबलावर मात्र एक दोनशे पानी वही तशीच राहिली. माझ्या विद्यार्थिनीने दोन वर्षे गावोगाव फिरून उतरून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या तीत होत्या. मार्चमध्ये तिने ती मला तपासायला दिली होती. तिची दुसरी प्रत नव्हती.

वाऱ्याने माडीची कौले उडाली. खाली आम्ही माजघरात बसलो होतो. वाडीत पोफळी मोडल्याचे आवाज येत होते. संध्याकाळी वर गेले तेव्हा वही पाण्यात होती. जेल पेनाची शाई पानापानांत उतरली होती. पुढे तीन आठवडे वीज नव्हती. पोहरा रोज विहिरीत उतरला, मडके रोज ओले केले गेले. लॅपटॉप दुसऱ्याच दिवशी निपचित झाला. त्यातल्या प्रत्येक मजकुराची प्रत इतरत्र सुरक्षित होती.

रेंज आल्यावर विद्यार्थिनीला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मॅडम, त्यातल्या दोन आजी आता नाहीत.”

पाने सुटी करून ओटीवर वाळवली. काही ओव्या वाचता आल्या. काहींचे अर्धे चरण उरले होते. ते तिने आठवून पुरे केले. पण आठवलेला शब्द त्या आजींचा की तिचा स्वतःचा? मौखिक परंपरेत पाठभेद स्वाभाविक असतो, असे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आले. इथे तो माझ्या हलगर्जीपणाने जन्माला आला होता. प्रबंधात त्या चरणांपुढे तिने ‘संशोधिकेच्या स्मरणातून’ असे प्रामाणिकपणे लिहिले. ती अक्षरे अजून मला टोचतात.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाचा इशारा आला तेव्हा शबनम पुन्हा खाली घेतली. आईने विचारले, “आधी काय घालतेस?” प्रमाणपत्रांची नक्कल मिळते, लॅपटॉप विकत मिळतो. मी आधी विद्यार्थ्यांच्या हस्तलिखित वह्या घातल्या. त्यांचे फोटो काढून ठेवले होते, तरीही. आई काही बोलली नाही. मडके धुवायला विहिरीवर गेली.