यादीतलं काय ठेवायचं, काय काढायचं

पनवेल

चि. सोनूस,

तुझी बालवाडीच्या सामानाची यादी मिळाली. प्लास्टिकची घसरगुंडी, कृत्रिम हिरवळ, भिंतीवरचा मोठा टीव्ही, मुळाक्षरांचे तक्ते. जागाही मी जाऊन पाहिली. मागे मोकळी जमीन आहे, कोपऱ्यात चिंच आहे, पुढे चांगली रुंद पडवी आहे. मालक त्या जमिनीवर फरशी घालून द्यायला तयार आहेत. त्यांना आजच फोन करून नको म्हणून सांग. फरशी झाली की तुझी बालवाडी सुरू व्हायच्या आधीच निम्मी संपली.

मातीत खेळत शिकणं म्हटलं की लोक युरोपातल्या जंगलशाळांचे दाखले देतात. आपल्याला एवढं लांब जायला नको. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरी पद्धतीची साधनं देखणी, पण खेड्याला न परवडणारी. ताराबाईंनी त्यामागचा विचार तेवढा घेतला. मुलाला आपल्या हातानं लावता यावं, जुळवता यावं, मोजता यावं. साधनं मात्र त्यांनी भोवतालातून घेतली: शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुली होत्या, म्हणून बालवाडीला पाळणाघर जोडलं. 1957 मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरांमागे जात, म्हणून कुरणशाळा निघाली. मूल जिथे आहे तिथे आपण जायचं, हा त्या दोघींचा हट्ट मला फार मोठा वाटतो. तुझ्याकडे येणारी मुलं सातव्या-आठव्या मजल्यावरून येतील. त्यांच्यापाशी काय नाही, तर जमीन. ती तू द्यायची.

पालक पहिल्याच भेटीत विचारतील, लिहायला कधी शिकवणार? तेव्हा बिचकू नकोस. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात. चिखलाचे गोळे, शेंगा सोलणं, बादलीतलं पाणी करवंटीनं दुसरीकडे ओतणं, यातून बोटांत बळ येतं, आणि पेन्सिल धरायला तेच बळ लागतं. लहान-मोठी पानं ओळीनं लावणारं मूल गणितच करत असतं. 2020 च्या शैक्षणिक धोरणानंही तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. तेही पालकांना दाखव, कारण सरकारी कागदावर त्यांचा विश्वास चटकन बसतो.

पण मोकळं सोडणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. उलट इथे बाईचं काम वाढतं. गुंज दिसायला सुंदर, पण विषारी. एरंड आणि कण्हेरही तशीच, ती आवारात नकोत. चिंचोके तीन वर्षांखालच्यांच्या हाती द्यायचे नाहीत, ते नाकात नाहीतर घशात जातात. त्यांना करवंट्या आणि मोठे शिंपले दे. आपल्याकडचा पाऊस तू जाणतेस. पावसात भिजू दे, पण साचलेल्या पाण्यात पाय नको, आणि पायाला जखम असेल तर मुळीच नको, लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. प्रत्येकाचा एक जुना कपड्यांचा जोड पडवीतच राहू दे. मातीतून आल्यावर हात धुणं आणि नखं पाहणं रोज. अनुताईंच्या बालवाडीत स्वच्छतेला पहिला मान होता.

सहलीच्या बसचे पैसे मात्र वाचव. कर्नाळ्याला वर्षातून एकदा जाऊन आरडाओरडा करून येण्यापेक्षा त्याच चिंचेखाली रोज बसलेलं बरं. श्रावण-भाद्रपदात कुंपणाला तेरडा येतो. त्याची पिकलेली शेंग बोट लावताच फुटते आणि बिया उडतात. मूल ते तास तास करत बसेल. त्याला मध्येच उठवून फुलांचे रंग विचारू नकोस. फाल्गुनात काटेसावर लाल होते, मग तिचा कापूस उडतो. ते तक्त्यावर दाखवायचं नसतं.

आणखी एक. पावसाळ्यात पनवेलच्या बाजारात शेवळं, कंटोली, टाकळा घेऊन बसणाऱ्या कातकरी आणि ठाकूर बायका तू पाहिल्या आहेस. कुठला पाला खायचा, कुठला टाळायचा, हे त्यांना आपल्या पदव्यांपेक्षा जास्त कळतं. मदतनीस नेमशील तेव्हा अशी एखादी बाई शोध. तिला झाडलोटीला ठेवू नकोस, मुलांबरोबर बसव आणि शिक्षिकेइतका पगार दे. टीव्हीचे पैसे वाचतील, ते तिथे घाल.

यादीत पडवीला पन्हळ, पाण्याची टाकी, हात धुवायला बुटका कट्टा, लाल मातीची एक गाडी आणि मुलांच्या हाताला बेतशीर खुरपी एवढं ठेव. घसरगुंडी हवीच असेल तर पुढच्या वर्षी बघू. मृग लागायच्या आत एक रविवार काढून ये, जागेवर उभं राहून ठरवू.

तुझी,
मावशी