सणावाचूनचे वर्ष

घरातले माणूस गेले म्हणजे आपल्याकडे पुढचे वर्ष सणावाचून काढण्याची चाल आहे. दाराला तोरण बांधीत नाहीत, दिवाळीचा फराळ घरी न होता आप्तेष्टांच्या डब्यांतून येतो, आणि ज्या तिथींच्या मागेपुढे एरवी घराची सारी लगबग चालावयाची, त्या तिथी दारावरून मुकाट्याने निघून जातात. ही चाल ज्यांनी घातली त्यांना शोकाचा मान राखावयाचा होता हे उघड आहे. परंतु तिच्या पोटी, बहुधा त्यांच्या ध्यानीमनी नसताना, घरच्या माणसांना एक मोठा मोकळा अवकाशही मिळून जातो, आणि त्याचे काय करावे हे ज्याचे त्याला ठरवावे लागते. गेल्या आश्विनात आई गेली आणि तो अवकाश आमच्या वाट्यास आला. मी तो वाचनात घालविला. त्या वाचनास व्यासंग म्हणता येणार नाही. जिवाला कोठे तरी टेकावयास जागा मिळावी एवढाच त्याचा हेतू होता.

समाचारास येणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींनी पहिल्या पंधरवड्यातच काही ग्रंथ मोठ्या आस्थेने आणून दिले. आत्म्याचे अविनाशित्व, संसाराचे क्षणभंगुरत्व आणि शोकाचे वैयर्थ्य यांचे त्यांत विवेचन होते, आणि त्यातील सत्याविषयी मला वाद घालावयाचा नाही. तथापि शोकाच्या प्रारंभीच्या महिन्यांत मनाची जी अवस्था असते, तिच्यापर्यंत सिद्धान्त पोचतच नाहीत, असा माझा अनुभव आहे. शोक पहिला घाला घालतो तो तपशिलावर. दिवस उजाडतो आणि मावळतो, पण त्यात कोण आले, काय शिजले, पाऊस पडला की नाही, यांपैकी कशाचीच नोंद राहत नाही. आणि आई आठवू जावे तर तिचे रुग्णशय्येवरील अखेरचे क्षीण रूप तेवढे समोर येते, त्यामागच्या तिच्या भरल्या आयुष्याचे सारे दप्तर कोणी जप्त करून नेले असावे तसे. अशा मनाला मृत्यूचा अर्थ सांगून काय उपयोग? त्याला आधी भाजीचा भाव, अंगणातला केर, शेजारणीशी झालेली कुरबूर, असल्या गोष्टी परत मिळाल्या पाहिजेत.

त्या मला प्रथम परत मिळाल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले. गावोगावच्या अशा वाचनालयांनी गेली सव्वाशे-दीडशे वर्षे किती एकाकी माणसांना निमूटपणे सांभाळले असेल, याचा हिशेब कोणत्याच वार्षिक अहवालात सापडावयाचा नाही. ठाण्याच्या त्या ग्रंथसंग्रहालयातील एक जुनी, पुन्हा बांधलेली प्रत घेऊन मी घरी आले आणि कार्तिकाच्या त्या लांबलेल्या रात्रींत ती वाचीत बसले. पुस्तक सुरू होते तेच १८५७ च्या धामधुमीत फासावर गेलेल्या आजोबांच्या आठवणीने. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे जे विलक्षण वेड लागले, त्यापायी नाशिकजवळच्या जलालपुरातील त्या घराची जी ओढाताण झाली, अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या ज्या भोळ्या, तापट, हातात पैसा टिकू न देणाऱ्या कवीच्या घरी आल्या, त्याने घरात न सांगता वेळोवेळी जी भटकंती केली, आणि १८९५ साली ख्रिस्ती धर्माचा स्वीकार करून पत्नीच्या पायांखालची भूमीच जी काढून घेतली, ते सारे एखाद्या दुसऱ्या लेखणीच्या हाती पडते तर त्याचा विलापग्रंथ झाला असता. लक्ष्मीबाई विलाप करीत नाहीत. दुःख त्या लपवीतही नाहीत. त्या त्याला घरातल्या इतर माणसांच्या पंक्तीला पाट मांडून बसवितात. शेजारी फजितीचा प्रसंग असतो, पलीकडे उसनवारीचा, आणि त्यांच्या मधोमध अपत्यवियोग. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने मराठी गद्याला जे दिले, ते पुष्कळ पंडितांना देता आले नाही, असे मी पूर्ण विचाराने म्हणते.

त्यांच्या घरी घरच्यासारखा राहिलेला तरुण ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, १९१८ साली भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून गेला, आणि पुढच्याच वर्षी पती टिळक गेले. या लागोपाठच्या आघातांनंतर लक्ष्मीबाईंनी काय केले, तर टिळकांनी अपुरे सोडलेले 'ख्रिस्तायन' हाती घेतले आणि अध्यायामागून अध्याय रचून ते पुरे केले. हे मला ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे निराळे आणि आईचे अर्धवट विणलेले लोकरीचे काम समोर घेऊन बसलेल्या माणसाने ते वाचणे निराळे. ते काम मी पुरे केले. टाके तिच्यासारखे सारखे आले नाहीत, पण अण्णांनी, माझ्या वडिलांनी, तो गळपट्टा थंडीभर वापरला.

दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ सालचे. ते चैत्रापासून सुरू होते, पण मी त्यात कार्तिकापासून प्रवेश केला, आणि जो महिना चालू असे त्या महिन्याचाच निबंध वाचावयाचा, पुढे डोकावावयाचे नाही, असा नेम ठेवला. मध्य प्रांताच्या अरण्यांत संशोधनासाठी हिंडत असता विषारी सुरण खाण्यात येऊन दुर्गाबाईंनी काही वर्षे आजारपणात काढली होती, ही गोष्ट ध्यानात घेऊन ते पुस्तक वाचले म्हणजे त्यातील निरीक्षणाच्या सूक्ष्मतेला निराळेच मोल येते. झाडांकडे इतके बारकाईने पाहणे हे निव्वळ सौंदर्यासक्तीचे काम नाही. जगण्याशी पुन्हा करार करणाऱ्या माणसाची ती दृष्टी आहे असे मला वाटत राहिले. माघात आमच्या रस्त्यावरच्या काटेसावरीला फुले आली ती मी पाहिली. चैत्रात पिंपळाची तांबूस पालवी पाहिली. आधीच्या पौषात काय काय पाहिले ते आठवत नाही, आणि त्याची खंतही नाही. महिन्यांना नावे परत मिळाली होती, तेवढे पुरे होते.

उन्हाळ्यात हाती आले ते अधिक हलके वाचन. चिं. वि. जोश्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांनी मला पहिल्यांदा मोठ्याने हसविले, आणि पाली भाषेच्या या पंडिताने मध्यमवर्गीय मराठी संसाराच्या फजित्या इतक्या मायेने टिपून ठेवाव्यात, याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. श्री. म. माट्यांचे 'उपेक्षितांचे अंतरंग' मी अर्ध्यावर ठेवले. पुस्तक थोर आहे. त्या दिवसांत मला ते पेलले नाही.

श्रावण आला तेव्हा मात्र पुस्तक निवडावे लागले नाही. आईची 'शिवलीलामृता'ची पोथी देवघरातल्या फडताळात, तांबड्या बासनात बांधलेली होती. श्रीधरांनी शके १६४० मध्ये बारामतीस ही पोथी पूर्ण केली; चौदा अध्यायांच्या या ग्रंथाने तीन शतके महाराष्ट्रातील बायाबापड्यांना श्रावणमासी जी सोबत केली आहे, तिची वाङ्मयाच्या इतिहासकारांनी मला वाटते तितकी कदर केलेली नाही. आई त्यातला अकरावा अध्याय नित्य म्हणे. श्रावणात साऱ्या पोथीचे वाचन होई, आणि ते अण्णा पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचीत असल्याचे दाखवून ऐकत. सण नसले तरी पोथीला कोणाची हरकत नव्हती. मी आईच्याच पाटावर बसून वाचू लागले. दुसऱ्या अध्यायात व्याधाची कथा आहे: हरिणी बाण रोखलेल्या व्याधाला विनविते की पाडसांना भेटून येते, मग मार, व्याध तिला जाऊ देतो, आणि ती खरोखरच परत येते. लहानपणी मला व्याध कसा विरघळला याचे नवल वाटे. या खेपेस ओवी वाचताना मन गुंतले ते त्या हरिणीने मधल्या वेळात काय केले असेल यात. पाडसांना पाजले असेल, कोणाच्या हवाली केले असेल, कोणती निरवानिरव केली असेल. शेवटच्या आठवड्यात आई सारखी उठून काहीतरी सांगू पाहत असे, त्याला आम्ही वात समजत होतो. ती दूधवाल्याचे नाव घेत असे.

हे आठवले त्याला एक कारण झाले. पोथी मिटताना पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहिलेली अक्षरे दिसली. एका बाजूस कोणत्या तरी महिन्याचे दुधाचे खाडे, त्यांखाली शंभर कैऱ्यांच्या लोणच्याला मीठ, मोहरी आणि तेल यांचे प्रमाण, आणि कडेला आडव्या ओळीत माझ्या बारशाला कोणी काय दिले त्याची यादी. पोथीवर असे लिहू नये असे तिनेच आम्हांला बजावले होते. पण कागद जवळ नसेल, वाचता वाचता आठवले असेल, राहून जाऊ नये म्हणून तिने लिहून ठेवले असेल. मी ती यादी अण्णांना वाचून दाखविली. त्यांनी दोन नावे ओळखली, एकाविषयी त्यांचा बराच वेळ निश्चय होईना.

तेव्हापासून अण्णांना काहीतरी वाचून दाखवण्याचा प्रघात पडला. भाद्रपदात मी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' काढला. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणेच्या आशेने आपल्या काकांबरोबर १८५७ साली उत्तरेस निघाला आणि नेमका त्या रणधुमाळीत सापडला. झाशीचा वेढा, शहराची लूट आणि कत्तल, वाटेत पुनःपुन्हा झालेली नागवणूक हे सारे त्याने पाहिले आणि सोसले. परंतु त्याच लेखणीने त्याने राणीची दिनचर्या, तिचा पोशाख, कोठे कोणते अन्न मिळाले, कोठे काय दक्षिणा पदरी पडली, हेही टिपून ठेवले. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली हा वृत्तांत प्रसिद्ध केला तो आपल्या हाताने फेरफार करून. मूळ हस्तलिखितास धरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ ची, आणि वाचावी ती हीच. पैसा सारा गेला. परंतु भटजी रिकाम्या हाताने परतले नाहीत; गंगोदकाची कावड खांद्यावर वाहून त्यांनी ती वरसईपर्यंत आणली आणि आईबापांना त्या पाण्याने स्नान घातले.

येथे अण्णांनी मला थांबविले. "अगं, कावड जमिनीला टेकवायची नसते. रात्री निजताना ती ठेवीत कुठं?" मी म्हटले, झाडाला टांगीत असतील. ते त्यांना पटले नाही. पावसाळ्यात काय, नदी उतरताना काय, असे त्यांचे प्रश्न चालू राहिले, आणि बोलता बोलता ते देवघरातल्या त्या गडूवर आले, ज्यातले गंगाजल आम्ही आश्विनात आईच्या मुखी घातले होते. तो गडू आईच्या आजीने काशीहून आणलेला, हे मला ठाऊक नव्हते. आजीबाई यात्रेहून परतताना भुसावळच्या फलाटावर हमालाशी भांडल्या, भांडणात गाडी चुकली, धर्मशाळेत मुक्काम पडला, आणि सारी रात्र त्यांनी तो गडू मांडीवर घेऊन काढली. हे आईने अण्णांना लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सांगितले होते. आई गेल्यापासून अण्णा तिच्याविषयी इतके कधी बोलले नव्हते. मध्येच थांबून त्यांनी स्वतःची दुरुस्ती केली, की पहिली दिवाळी नव्हे, संक्रांत असावी, कारण आईच्या अंगावर काळी चंद्रकळा होती. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडले, परंतु गोडसे भटजींचे पान काही पुढे सरकले नाही. अण्णांना ती हकीगत पुन्हा पहिल्यापासून, या वेळी धर्मशाळेतल्या मुक्कामाच्या साऱ्या तपशिलासह, सांगावयाची होती.