चार पायांचा उतारू

‘पायाखालची वाळू सरकली’ असा एक वाक्प्रचार मराठीत आहे. माणसावर मोठे संकट कोसळले म्हणजे आपण तो सहज वापरतो; परंतु त्याच्या शब्दशः अर्थाकडे आपले क्वचितच लक्ष जाते. संकट डोक्यावर कोसळते, मग वाळू पायाखालची का सरकावी? आम्हांस वाटते, ज्या कुणा पूर्वजाच्या तोंडून हे शब्द प्रथम निघाले, तो ओहोटीच्या वेळी समुद्रात घोटाभर पाण्यात उभा असला पाहिजे. समोर पाणी कितीही असो, पाय घट्ट असले म्हणजे जीव निर्धास्त असतो. पाय डळमळू लागले की घोटाभर पाण्याचीही धास्ती वाटते. या साध्या गोष्टीचा विचार आम्हांस करावयास लावला तो आमच्या वाघ्याने.

आम्ही दिवाडीस राहतो. मांडवीच्या पात्रातील हे बेट. पलीकडे जुने गोवे डोळ्यांसमोर दिसते, पण तेथे जावयाचे तर फेरीबोटीवाचून गती नाही. फेरीबोट म्हणजे सपाट बुडाचे लोखंडी तरंगते अंगणच. धक्क्याच्या उतरणीवर तिची लोखंडी झडप टेकते, मोटारी, दुचाक्या, पाट्या, पिशव्या आणि माणसे आत शिरतात, आणि काही मिनिटांत सारा संसार पैलतीरी लागतो. वाघ्या हा आमच्या घरचा बारा वर्षांचा कुत्रा. जात विचाराल तर गावठी, रंग विटकरी, आणि नावाला शोभेल असा पराक्रम त्याने तरुणपणी मांजरांवर पुष्कळ गाजविला. गेल्या पावसाळ्यापासून त्याच्या मागच्या पायांचे सांधे धरले. पलीकडच्या डॉक्टरांनी दर आठवड्यास सुई घेण्यास सांगितले, आणि आमच्या या नव्या उतारूच्या जलप्रवासास प्रारंभ झाला.

पहिल्याच फेरीत तो झडपेवर थबकला. ओढले तर बसकण मारली. कसाबसा आत आला तो चारी पाय चार दिशांना फाकले आणि पोट लोखंडाला टेकले. पुढल्या आठवड्यास धक्का दिसताच त्यास कापरे भरले. “बाब, पाण्याला भितो तो. उचलूनच घ्या,” असा सल्ला एका खलाशाने मोठ्या आपुलकीने दिला. उतारूंचेही तेच मत पडले. आमची सौभाग्यवती मात्र हसली. जो कुत्रा दर पावसाळ्यात खाजन शेतांच्या बांधावरून मानशीच्या पाण्यात उडी टाकतो आणि नंतर सगळ्या घराला अंग झाडून स्नान घालतो, तो पाण्याला भिईल कसा? त्याची नजर पाण्याकडे नव्हतीच. ती होती पायांखालच्या ओल्या पत्र्याकडे.

त्या दिवसापासून आम्ही कुत्र्याचा पाय नीट पाहू लागलो. कुत्रा आपल्यासारखा टाच टेकून चालत नाही. तो बोटांवर चालतो. प्रत्येक बोटाखाली एक मऊ गादी, मधोमध एक मोठी गादी, आणि पुढच्या पायाच्या मनगटामागे आणखी एक लहानशी गादी असते. ही शेवटची गादी उतारावर आणि वेगात वळताना सायकलच्या ब्रेकसारखी कामी येते. मांजराप्रमाणे त्यास नखे आत ओढून घेता येत नाहीत. मातीत ती खिळ्यांसारखी रुततात. पण लोखंडात किंवा गुळगुळीत फरशीत नख रुतावे तरी कोठे? घसरू लागलेला कुत्रा भीतीने बोटे ताणतो आणि नखे रोवू पाहतो. त्यामुळे गाद्या उचलल्या जातात आणि धरणारा भागच जमिनीपासून सुटतो. म्हणजे जितकी भीती अधिक, तितके घसरणे अधिक. त्यात भर अशी की, कुत्र्यास घाम सुटतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, आणि भेदरल्यावर तो अधिकच सुटतो. डॉक्टरांच्या टेबलावर वाघ्याच्या पंजांचे ओले ठसे उमटलेले आम्ही पाहिले आहेत. म्हातारपणी गाद्या टणक होतात, बोटांमधले केस वाढतात, मांड्यांचा जोर ओसरतो. अशा प्राण्यास ओल्या लोखंडावर उभे करणे म्हणजे आपण तेल सांडलेल्या ओट्यावर मोजे घालून उभे राहण्यासारखेच आहे.

जुन्या काळच्या नावाड्यांना ही अडचण एवढी जाणवत नसावी, कारण त्यांच्या पायांखाली लाकूड होते. आपला साग या कामी जगात नावाजलेला. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी मलबारी सागात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ नावाचे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. इंग्लंडातील हार्टलपूल येथे ते अद्यापि जतन करून ठेवले आहे. सागाच्या अंगी तेल असल्यामुळे तो खाऱ्या पाण्यास दाद देत नाही. उन्हापावसात त्याचे मऊ तंतू झिजून कठीण तंतू किंचित वर राहतात, आणि ओल्या पायाला त्यांचा आधार मिळतो. मात्र त्यावर शेवाळ व तुपकट थर चढू देता कामा नये. म्हणून इंग्रजी गलबतांवर खलाशी पहाटे गुडघे टेकून, वाळू आणि पाणी घालून, दगडांनी डेक घाशीत. त्यातल्या मोठ्या दगडास ते थट्टेने ‘बायबल’ म्हणत आणि कोपऱ्यात शिरणाऱ्या लहान दगडास ‘प्रार्थनापुस्तक’!

लाकूड गेले, लोखंड व फायबर आले, आणि डेकला पुन्हा खरबरीतपणा आणण्याचे नाना उपाय निघाले. फेरीबोटीसारख्या ठिकाणी उंचवट्यांचा पत्रा असतो, ज्यास फॅब्रिकेशनवाले ‘चेकर प्लेट’ म्हणतात. चपलेला व टायरला तो बरा. पण कुत्र्याच्या गादीला दोन उंचवट्यांमधला गुळगुळीत भागच अधिक लागतो, आणि वर्षानुवर्षांच्या वर्दळीने उंचवटेही झिजतात. दुसरा उपाय म्हणजे रंगात बारीक वाळू मिसळून तो डेकवर चढविणे. पकड उत्तम येते. परंतु तो पृष्ठभाग होतो पॉलिशपेपरसारखा, आणि त्यावर रोज धावणाऱ्या कुत्र्याच्या गाद्या सोलून निघतात.

अलीकडे हौशी लोकांच्या बोटींवर ‘ईव्हीए’ नावाच्या फेसाळ रबरासारख्या पदार्थाचे तक्ते चिकटवितात. तो पाणी शोषून घेत नाही, पायाला मऊ लागतो आणि त्यावर रेघा पाडलेल्या असल्याने कुत्र्याचे पाय ठरतात. परदेशांत कुत्र्यासह नौकाविहार करणाऱ्यांची त्यावर विशेष प्रीती आहे. त्याचे दोष दोन. गडद रंगाचा तक्ता आपल्या उन्हात तव्यासारखा तापतो, आणि दांडग्या कुत्र्याच्या नखांनी तो फाटतो. म्हणून रंग फिका घ्यावा, आणि कुत्र्यास डेकवर सोडण्यापूर्वी आपल्या हाताचा तळवा त्यावर टेकवून सातपर्यंत मोजावे. आपल्याला सोसवले नाही तर त्यालाही सोसणार नाही. बुचाचा डेकही चांगला. ओला झाला तरी तो पाय धरतो. बूच म्हणजे एका जातीच्या ओक वृक्षाची साल. ती दर नऊ वर्षांनी सोलून काढतात, झाड तोडावे लागत नाही. आणि जगातील जवळजवळ निम्मे बूच एकटा पोर्तुगाल देश पिकवितो. त्याच देशात पाणकुत्र्यांची एक जुनी जात आहे. बोटांमध्ये पातळ कातडीचे पडदे असलेले ते कुत्रे कोळ्यांच्या होड्यांवर राहत, सुटलेली जाळी पाण्यातून ओढून आणीत आणि एका होडीवरून दुसरीवर निरोप पोहोचवीत. १५१० पासून १९६१ पर्यंत ज्यांच्या राजवटीत आमचे पूर्वज राहिले, त्यांच्या कोळ्यांनी चार पायांचा खलाशी असा पदरी बाळगला होता, हे वाचून आम्हांस गंमत वाटली.

पण आमची होडी नाही. सार्वजनिक फेरीबोटीस बुचाचा डेक बसविणे आमच्या हाती नाही. तेव्हा जमीन आपणच काखेत घेऊन जावी, असे आम्ही ठरविले. प्रथम काथ्याची चटई आणली. काथ्या खाऱ्या पाण्यात कुजत नाही, पंजालाही धरतो. परंतु ओल्या पत्र्यावर चटईच कुत्र्यासकट सरकू लागली. मग म्हापशाच्या बाजारात गोठ्यात अंथरावयाची रबरी चटई मिळाली. गाईम्हशी शेणामुताच्या ओलीवर घसरून पाय मोडून घेऊ नयेत म्हणून ती गोठ्यात घालतात. जाड, जड, वरून खवल्यांची, खालून खाचांची. तिचा तीन फूट लांब व दोन फूट रुंद असा तुकडा कापून घेतला.

तुकडा आणला म्हणजे काम झाले असे नव्हे. आठ दिवस तो आमच्या सोप्यावर पसरलेला होता आणि वाघ्याचे जेवण त्यावरच वाढले जाई. नंतर तो धक्क्यावर अंथरला. बोट आली, गेली, आम्ही चढलो नाही. वाघ्या त्यावर बसून ती पाहत राहिला. दरम्यान सौभाग्यवतीने त्याच्या बोटांमधले केस कातरले आणि नखांची टोके काढली. मगच चटई बोटीवर गेली. झडपेवर तो क्षणभर थांबला, पुढे नाक लावून त्याने ती हुंगली, आणि स्वतःच्या चार पायांनी आत येऊन तिच्यावर बसला. खाली मांडवी वाहतच होती. तिच्याकडे त्याने पाहिलेही नाही. आता खलाशी मंडळी त्याच्यासाठी कठड्याजवळचा कोपरा मोकळा ठेवतात.

या खटाटोपास हसणारेही भेटले. “म्हातारे जनावर, आता कितीसे दिवस राहिले? एवढे कशाला करायचे?” असे एका गृहस्थांनी आम्हांस भर बोटीत विचारले. प्रश्न खोटा नाही. सुई घेऊन वाघ्या तरुण होणार नाही, आणि कदाचित पुढच्या पावसाळ्यात ही चटई रिकामी राहील. परंतु आम्हांस असे वाटते की, ज्याचे दिवस थोडे उरले आहेत त्यास ते पोटावर घसरत काढावयास लावणे हा कोणता हिशेब? उचलून नेणे सोपे होते. पण उचलून नेलेला जीव सामानासारखा होतो, आणि आपल्या पायांनी गेलेला उतारूसारखा. एवढ्याच फरकासाठी तो रबराचा तुकडा.

आमचे बहुतेक वाचक इंदूर-बडोद्याकडे किंवा हैदराबादेस राहतात. त्यांस होडीशी कर्तव्य नाही असे वाटेल. ओंकारेश्वरी नर्मदेच्या नावेत बसणे घडले तर ही चटई आठवावी. पण त्याहून जवळचे ठिकाण प्रत्येकाच्या घरात आहे. शेणाने सारवलेली जमीन गेली, खरबरीत शहाबादी फरशी मागे पडत आहे, आणि आरशासारख्या टाइल्स आल्या आहेत. घरचा कुत्रा म्हातारा झाला आणि स्वयंपाकघराच्या दारातच घुटमळू लागला, तर तो हट्टी झाला असे समजू नये. आधी त्याच्या पायांखाली पाहावे. हेच घरातील वडीलधाऱ्यांविषयी. न्हाणीघरात जाण्याची ज्या आजी टाळाटाळ करतात, त्यांना पाण्याचा कंटाळा आला आहे असे घरातील मंडळी म्हणतात. त्यांना बोलता येते, पण घसरण्याची भीती वाटते असे सांगण्याचा संकोच होतो. तेथे एक खरबरीत चटई आणि भिंतीला एक दांडी बसविण्यास एका दिवसाहून अधिक वेळ लागत नाही.