नावे बाजूची चित्रं

चिंटू मॅच जिंकून, शाबासकी घेऊन घरी आलाय असं एखादं चित्र आठवून बघा बरं. मला तरी पटकन आठवत नाही. चेंडू कुणाच्या तरी घरात गेल्यावर तो आणायला कोणी जायचं यावरून वाद घालणारा, आउट झाल्यावर हुज्जत घालणारा, परीक्षा तोंडावर आली म्हणून खेळणं बंद झालेला आणि तोंड पाडून बसलेला चिंटू मात्र डोळे मिटले की समोर येतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीने २१ नोव्हेंबर १९९१ रोजी 'सकाळ'मध्ये त्याला जन्म दिला. तेव्हापासून पप्पू, मिनी, बगळ्या, राजू ही मंडळी आपल्या घरातलीच झाली. त्यातला क्रिकेटचा भाग मला सगळ्यात आवडायचा, कारण त्यात क्रिकेट कमी आणि भांडण जास्त असायचं. म्हणजे अगदी आमच्या गल्लीसारखंच :)

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे आमच्या नानांची चोपडी.

नाना म्हणजे माझे थोरले काका. नंदुरबारला एका मिरचीच्या अडतीवर ते दिवाणजी होते. (नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. आपला जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला.) दर दिवाळीला अडतीवर नव्या चोपड्या यायच्या, लाल कापडी बांधणीच्या, लांबट. एका वर्षी एक जास्तीची आली, ती शेटजींनी नानांना दिली. दुसरा कोणी असता तर त्याने घरखर्च लिहिला असता. नानांनी त्यात पेपरमधली चित्रं चिकटवायला सुरुवात केली. आणि तीही फक्त खेळाची! क्रिकेट, कुस्ती, कॅरम, पतंग, काहीही चालायचं. अट एकच, चित्र बघून हसू आलं पाहिजे. अडतीवर येणारे पेपर दुसऱ्या दिवशी नानांचे व्हायचे. माल बांधायला जी इंग्रजी रद्दी यायची, तीही ते चाळायचे. इंग्रजी त्यांना बेताचंच यायचं, पण चित्राला कुठे भाषा लागते?

नानांनी स्वतः आयुष्यात कधी बॅट धरली नाही. तरी त्यांना खेळाचं एवढं वेड का, हे मला लहानपणी कळायचं नाही.

आता आमच्या खेळाबद्दल थोडं. नंदुरबारला ज्यांचं येणंजाणं आहे त्यांना मिरचीची पथारी माहीत असेल. दिवाळीच्या सुमारास ओली लाल मिरची बाजारात यायला लागते आणि मोकळ्या जागांवर वाळत पडते. लांबून बघावं तर जमिनीवर लाल सतरंजी अंथरल्यासारखं दिसतं. नेमका तोच क्रिकेटचा मोसम! सगळी मैदानं मिरचीने अडवलेली, मग उरलेल्या पट्ट्यात आम्ही खेळायचो. त्यामुळे आमचे नियम जगावेगळे होते. चेंडू पथारीत गेला की बॅट्समन आउट, आणि चेंडू आणायचा त्यानेच. आणलेला चेंडू धुवायचाही त्यानेच, कारण न धुता कुणी तो हात डोळ्याला लावला की मॅच तिथेच संपायची. पथारीवरच्या बायकांनी चेंडू परत फेकला तर एक धाव जास्त. हा नियम कोणी केला ते देवाला ठाऊक.

पुढे मोठं झाल्यावर 'कॅल्व्हिन अँड हॉब्स' हाती लागलं आणि त्यात 'कॅल्व्हिनबॉल' भेटला. बिल वॉटरसनच्या या मालिकेतला (१९८५ ते १९९५) तो खेळ असा आहे की एकच नियम दोनदा वापरायचा नाही. मी तर उडालोच! हा अमेरिकेतला माणूस आमच्या पथारीवर येऊन गेला होता की काय!

असो. चोपडीकडे वळतो.

नाना हाडाचे दिवाणजी. चोपडीला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात, त्या त्यांनी इथेही पाळल्या. चित्रात कोणी जिंकलं, कुणाचं काही साधलं, तर ते चित्र डावीकडे जमा. हरलं, फजिती झाली, काच फुटली, पकडले गेले, तर उजवीकडे नावे. ही काही त्यांनी गंमत म्हणून केलेली गोष्ट नव्हती. हिशेब असाच मांडतात, म्हणून तसा मांडला.

परवा ही चोपडी बऱ्याच वर्षांनी सबंध चाळली. नावे बाजू गच्च भरलेली आहे. काही पानांवर तर एकावर एक चित्रं आहेत, खालचं बघायला वरचं उचलावं लागतं. आणि जमा बाजू? दहा-बारा पानांनंतर एखादं चित्र, नाहीतर नुसत्या रेघा.

हे नानांचं काही खास नाही, हे आता लक्षात येतं. ही चित्रमालिका नावाची चीजच तशी आहे. त्यातला जगातला सगळ्यात मोठा हिशेब चार्ल्स शुल्झच्या 'पीनट्स'चा. २ ऑक्टोबर १९५० ला ती सुरू झाली आणि १३ फेब्रुवारी २००० ला शेवटचं चित्र छापून आलं. शुल्झ त्याच्या आदल्या रात्री गेले. पन्नास वर्षांत १७,८९७ चित्रमालिका, आणि सगळ्या एकट्याने काढलेल्या. त्यात चार्ली ब्राऊन नावाचा पोरगा बेसबॉलच्या टीमचा कप्तान आहे, आणि ती टीम हरते. म्हणजे हरतेच! त्याच्या टीममध्ये एक कुत्रा आहे आणि तो इतरांपेक्षा बरा खेळतो. चार्ली ब्राऊनने सामना जिंकून देणारा होमरन मारला तो १९९३ च्या मार्चमध्ये, मालिका सुरू झाल्यावर बेचाळीस वर्षांनी. बेचाळीस वर्षं एक मुलगा हरत होता आणि जगभरचे लोक सकाळी चहाबरोबर ते वाचत होते. कोणी म्हटलं नाही की पुरे आता, याला काढा टीममधून.

का बरं? मला वाटतं, जिंकण्यात विनोद नसतोच. जिंकलेला माणूस बघून आनंद होतो, हेवा वाटतो, छाती फुगते. हसू येत नाही. १९८३ च्या २५ जूनला कपिलदेवने लॉर्ड्सवर कप उचलला, तो फोटो नानांनी कापला होता. पण तो चोपडीत नाही. तो त्यांनी फ्रेम करून देवघराशेजारी लावला होता. चोपडी ही त्याची जागाच नव्हती.

या चित्रांची आणखी एक गंमत चोपडी चाळताना कळली. त्यांत प्रत्यक्ष खेळ जवळजवळ दिसतच नाही. पेपरच्या खेळाच्या पानावर फोटो असतो तो बरोब्बर फटका बसतानाचा, दांडी उडतानाचा. चित्रमालिकेत पहिल्या चौकटीत पोरगा बॅट उगारतो, दुसऱ्या चौकटीत नुसता 'खळ्ळ' असा आवाज, आणि तिसऱ्या चौकटीत सगळ्यांचे चेहरे. चेंडू कुठे गेला, काच कशी फुटली, हे आपणच मनात पाहायचं. चित्रकार दोन चौकटींच्या मधली जागा आपल्याला देऊन टाकतो. ती जागा भरायला आपली स्वतःची एखादी फुटलेली काच गाठीशी असावी लागते, आणि ती कुणाकडे नसते?

मोठ्या खेळाडूंनाही या कागदावर आणलं की त्यांचं काहीतरी भलतंच होतं. ऐंशीच्या दशकात चक्क सुनील गावसकरला गुप्तहेर करणारं 'सनी द सुपरस्लूथ' नावाचं इंग्रजी कॉमिक निघालं होतं. ज्याने दिवस दिवस खेळपट्टीवर उभं राहून चेंडू सोडून द्यायचे, तो इथे चोरांच्या मागे! अशाच एका अंकाचा फाटका तुकडा चोपडीत आहे. नानांनी तो नेमका मधल्या रेषेवर चिकटवलाय, अर्धा जमा, अर्धा नावे. कुठे टाकावा हे ठरवता आलं नसेल.

आणि एक पान असं आहे ज्यावर चित्रच नाही. नावे बाजूला फक्त तारीख, १८-४-१९८६. ज्यांचं वय आहे त्यांना सांगायला नको. शारजा, शेवटचा चेंडू, चेतन शर्मा आणि मियाँदादची सिक्सर. त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी कुणाशी बोललं नव्हतं. नानांना त्या दिवसाचं हसण्याजोगं चित्र मिळालं नसावं, किंवा मिळूनही चिकटवावंसं वाटलं नसावं. पण नोंद मात्र केली. दिवाणजीच ते, रक्कम बुडाली तरी खात्यात दाखवायलाच हवी!

आता मूळ मुद्दा. ताई, हे तुझ्यासाठी आहे, तू वाचतेस हे मला माहीत आहे. चोपडीला कसर लागली आहे. नानांनी चिकटवायला घरची खळ वापरली होती आणि किड्यांना तीच गोड लागते. घर आवरताना ती रद्दीत टाकायची का असं तू फोनवर विचारलंस. विचारलंस त्यात काही वावगं नाही, घरात जागा किती लागते ते मलाही कळतं. पण मागच्या रविवारी शहाद्याला तुझ्याकडे आलो तेव्हा जे झालं ते तू स्वयंपाकघरात असल्यामुळे पाहिलं नाहीस, म्हणून इथे लिहितो.

तुझा नातू टीममध्ये निवडला गेला नाही, म्हणून चार दिवस बॅटला हात लावत नव्हता, जेवतानाही बोलत नव्हता. सगळे त्याला सांगत होते, पुढच्या वर्षी होईल, मेहनत कर, सचिन बघ, धोनी बघ. म्हणजे सगळे त्याला जमा बाजूच दाखवत होतो. मी काही न बोलता चोपडी त्याच्यापुढे ठेवली. आधी नुसती पानं उलटली त्याने. मग एका ठिकाणी थांबला. कप्तान चार्ली ब्राऊन पावसात एकटाच मैदानावर उभा आहे, बाकीची टीम घरी गेलेली. हसला नाही तो, पण बराच वेळ बघत राहिला. मग मला म्हणाला, "आजोबा, या बाजूला एवढे सगळे आहेत?"

मला नानांची आठवण झाली. आम्ही मॅच हरून, डोळे चोळत, मिरचीने लाल होऊन आलो की ते अहिराणीत म्हणायचे, "हारनात ते हारनात, हसाले काय पैसा लागतस?" तेव्हा राग यायचा. ते चिडवतात असं वाटायचं. आता वाटतं, ते आम्हाला त्या बाजूला बसायला जागा करून देत होते. तिथे गर्दी आहे, ओळखीचे लोक आहेत, एकटं वाटणार नाही, एवढंच सांगायचं होतं त्यांना.

तेव्हा चोपडी रद्दीत द्यायची नाही, असं माझं मत. मी ती इकडे घेऊन येतो, उन्हात धरतो, कसर झटकतो, आणि एकेका पानाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवतो. मूळ चोपडी मात्र माझ्याकडे राहू नये. ती त्या पोराकडे राहू दे. शेवटची तीस-चाळीस पानं अजून कोरी आहेत, आणि निघताना मी पाहिलं तर त्यातल्या पहिल्या पानावर, नावे बाजूला, त्याने पेन्सिलीने निवडीच्या दिवसाची तारीख टाकली होती.

चित्र त्याला सापडेल. घाई नाही.