गाडीचं माहेर कुर्ला!

कुर्ला म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? खचाखच भरलेली लोकल, रिक्षांची रांग आणि वीकेण्डचा मॉल. बरोबर ना? पण ज्यांच्या घरी वीस-पंचवीस वर्षांची जुनी गाडी आहे त्यांना विचारून बघा. ते एकच पत्ता सांगतील, सीएसटी रोड.

आणि हे सीएसटी म्हणजे बोरीबंदरचं स्टेशन नव्हे हं! सेंट्रल साल्सेट ट्रामवे. १९२८ ते १९३४ अशी जेमतेम सहा वर्षं ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरीपर्यंत एक छोटी रेल्वे धावायची. रूळ गेले, गाडी गेली, नाव मात्र रस्त्याला चिकटून राहिलं. आज कुर्ला पश्चिमेकडून कलिन्याकडे जाताना या रस्त्याच्या कडेला दरवाजे, बम्पर, सायलेन्सर आणि टायर यांचे डोंगर दिसतात. मिठी नदीपलीकडे बीकेसीच्या काचेच्या इमारती, अलीकडे ऑइलनं काळी झालेली जमीन. मधलं अंतर रिक्षानं काही मिनिटांचं.

यंदा पावसाळ्याआधीचे माझे बहुतेक शनिवार याच रस्त्यावर गेले. कारण? काकांची पॅलिओ.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. राहणार चेंबूरचं टिळकनगर. गाडी २००२ची, फियाट पॅलिओ १.६. पॅलिओ भारतात आली २००१मध्ये. मी तेव्हा बालवाडीत होते, त्यामुळे मला आठवतो तो फक्त जाहिरातीतला सचिन. पण त्या वेळी ज्यांनी नवं नवं लायसन्स काढलं होतं, त्यांना आजही '१.६' एवढंच म्हणा, डोळे चमकतात. १५९६ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, ताकद सुमारे १०० बीएचपी. तेव्हा गल्लोगल्ली दिसणाऱ्या मारुती ८००ची ताकद होती ३७! साध्या दिसणाऱ्या छोट्या गाडीत एवढं मोठं इंजिन. पेट्रोल प्यायची म्हणून लोक नावं ठेवायचे, आणि हायवेला लागली की तेच लोक गप्प बसायचे.

आणि ही गाडी बनायची कुठे? कुर्ल्यात!

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट ११००, मग तिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. पुढे तिथेच फियाटनं स्वतःच्या नावावर युनो, सिएना आणि पॅलिओ बनवल्या. काका त्या कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला होते. सायकलनं जायचे, टिळकनगर ते कुर्ला. पॅलिओ घेतली तेव्हा त्यांनी म्हणे शोरूममध्ये नव्हे, लाइनवरच गाडी पसंत करून ठेवली होती. मावशी मात्र हे खरं मानत नाही.

गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि काकांचं क्लच दाबणं बंद झालं. मुलाकडे, म्हणजे माझ्या मावसभावाकडे, ऑफिसला जायला ऑटोमॅटिक गाडी. पॅलिओ कव्हर घालून कम्पाउंडमध्ये उभी राहिली. एक वर्ष, दोन वर्षं, बघता बघता आठ. मधल्या काळात, २०२२मध्ये, रजिस्ट्रेशनची मुदतही संपली.

तोवर कोणाला घाई नव्हती. मग आलं रिडेव्हलपमेंट. बिल्डरची नोटीस लागली, मे अखेरीस जागा रिकामी करा. भाड्याच्या तात्पुरत्या फ्लॅटला पार्किंग नाही. मावशीचा हिशेब सोपा होता. स्क्रॅप सेंटरला द्या, सर्टिफिकेट घ्या, नवी गाडी घेताना टॅक्समध्ये सूट मिळेल. काका काहीच बोलले नाहीत. रात्री जेवताना फक्त एवढंच म्हणाले, ''चालू स्थितीत दिली असती तर बरं वाटलं असतं.''

दादा ठाण्याला राहतो, त्याच्याकडे एक पार्किंग रिकामं आहे. त्यानं तिथल्या तिथे डील केलं. तीन महिन्यांत गाडी स्वतःच्या चाकांवर आणि स्वतःच्या कागदांवर गेटबाहेर पडली तर ती ठाण्याला. नाही तर स्क्रॅप. मी फ्रीलान्सर, म्हणजे सगळ्यांच्या मते रिकामी. सामान आणायची जबाबदारी आपोआप माझ्याकडे!

कव्हर काढलं त्या दिवशी दादाला चावी फिरवायची घाई. काकांनी हात धरला. आठ वर्षं उभ्या असलेल्या इंजिनला थेट सेल्फ मारायचा नसतो. सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल केव्हाच निथळून गेलेलं असतं, धातूवर धातू घासला की पिस्टनच्या रिंगा गेल्या. म्हणून आधी चारही प्लग काढले, त्या भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडलं आणि एक दिवस तसंच ठेवलं. मग खालच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. सावकाश, अडखळत, पण फिरलं. काका खुर्चीवर बसून ऐकत होते, डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकतात तसे.

बाकीची यादी मोठी होती. टाकीतलं पेट्रोल सडून वार्निशसारखं झालेलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे मागच्या चाकांचे सिलिंडर आतून गंजून जॅम. पुढच्या डिस्कवर गंजाचे थर. रबराचं सगळं सामान तडकलेलं. टायर वरून नवे दिसत होते, पण बाजूला चार आकड्यांचा कोड असतो, तो वाचायचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर होतं २३११, म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. बाद! आणि डॅशबोर्डच्या मागे उंदरांनी वायरिंगचा फडशा पाडलेला.

एक काम मात्र काकांनी घरी करू दिलं नाही. टायमिंग बेल्ट. या इंजिनात बेल्ट तुटला किंवा सरकला तर व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात आणि लाखाचे बारा हजार होतात. त्यासाठी जुन्या फियाटवर हात बसलेला मिस्त्री शोधला. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पम्प त्यानं एकाच वेळी बदललं, कारण सगळं खोलायची मेहनत तीच असते.

आता प्रश्न सामानाचा. मी सीएसटी रोडवर पहिल्यांदा गेले ती छापील यादी घेऊन. तिसऱ्या दुकानातल्या चाचांनी यादीकडे पाहिलंसुद्धा नाही. ''पुराना पार्ट किधर है?'' पुढच्या शनिवारी जुने पार्ट पिशवीत घालून नेले. चाचांनी सस्पेन्शनचा बुश हातात घेतला, अंगठ्यानं दाबला आणि माळ्यावर बसलेल्या पोराला ओरडून सांगितलं, ''पेट्रा का निकाल!''

सस्पेन्शनसाठी चाचांनी हे पेट्राचं गणित लावलं आणि माझं अर्धं काम सोपं झालं. पॅलिओ, सिएना, पेट्रा आणि अ‍ॅडव्हेंचर ही एकाच घरची भावंडं. एकीचा पार्ट मिळाला नाही तर दुसरीचा बसण्याची शक्यता असते. पण कोणता बसतो, कोणता बसल्यासारखा वाटतो आणि कोणता अजिबात बसत नाही, हे कुठल्या कॅटलॉगमध्ये नाही. ते चाचांच्या अंगठ्यात आहे. ''काका कारखान्यात होते'' म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला. ''फिर तो ये अपने कुर्ला की बेटी है. मायके आई है.''

दादाची स्वप्नं मात्र वेगळीच होती. फ्री-फ्लो एक्झॉस्ट, मोठं एअर फिल्टर, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. १०० बीएचपीची १२० झाली तर काय मजा! काकांचं उत्तर ठरलेलं. ''आधी तिला थांबायला शिकव, मग पळायला.''

आणि गंमत म्हणजे कायदाही काकांच्या बाजूनं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानंही हे स्पष्ट केलं. कर्कश सायलेन्सर लावून आरटीओसमोर उभं राहायचं म्हणजे आ बैल मुझे मार!

मग आम्ही काय अपग्रेड केलं? चांगल्या दर्जाचे ब्रेक पॅड आणि नव्या डिस्क. नवे शॉक अ‍ॅब्झॉर्बर. हेडलाइटला रिले, म्हणजे करंट जुन्या स्विचमधून वळसा न घेता बॅटरीतून थेट दिव्याला. बल्ब तेच, उजेड दुप्पट वाटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेट्रोलचे पाइप. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. २००२च्या रबराला त्याची सवय नाही. ते फुगतं, तडकतं, आणि गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय हे सांगायला नको. म्हणून इथेनॉल सोसणारे नवे पाइप आणि सील. दिसत काहीच नाही, पण आजच्या रस्त्यावर या गाडीला जगवणारं अपग्रेड हेच.

काकांच्या वहीत पै-पैचा हिशेब आहे. इंजिन २१,५००, ब्रेक १२,८००, सस्पेन्शन १७,६००, टायर १८,०००, वायरिंग ८,४००. एकूण ७८,३००. गाडी विकायला काढली तर एवढे येणार नाहीत, हे मावशीनं बेरजेखालीच पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.

वर सरकारी खर्च वेगळा. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, नंतर दर पाच वर्षांनी रिन्यूअल. २०२५पासून वीस वर्षांवरच्या कारला त्याची फी १०,००० रुपये झाली. शिवाय पर्यावरण कर. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, त्यामुळे पॅलिओ वडाळा आरटीओला गेली ती टोइंगच्या ट्रकवर बसून, नवरीसारखी. इन्स्पेक्टरनी चेसिस नंबर ताडला, दिवे, हॉर्न, ब्रेक पाहिले. मग बॉनेट उघडून जरा जास्तच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ''माझ्या मित्राकडे होती ही.'' पास!

मेच्या तिसऱ्या आठवड्यात दादानं गाडी गेटबाहेर काढली. शेजारी काका. पण ठाण्याला जायच्या आधी त्यांनी ती कुर्ल्याला वळवायला लावली. कारखान्याच्या परिसरात आता टॉवर्स आहेत, प्रीमियर रोड हे नाव तेवढं उरलंय. फियाटचं प्रॉडक्शन पुढे पुण्याजवळच्या रांजणगावला गेलं. पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. काका खाली उतरले नाहीत. ''गेट इथं होतं,'' एवढंच म्हणाले.

मला मात्र त्या दिवशी चाचांचा माळा आठवत होता. कारखाना जाऊनही ही गाडी जगली, कारण तीन-चार किलोमीटरवर तिला ओळखणारा एक अंगठा अजून शाबूत आहे. चाचांचा मुलगा एअरपोर्टवर नोकरी करतो, दुकानात त्याला इंटरेस्ट नाही. माळ्यावरचा पोरगा गावी जायचं म्हणतोय. रिडेव्हलपमेंटची कुजबुज त्या बाजूलाही आहेच. पुढच्या रिन्यूअलला, पाच वर्षांनी, दादा पेट्राचा बुश मागायला कोणाकडे जाणार? पैसे असतील, हौस असेल, पार्किंगही असेल. विचारायला माणूस हवा ना! म्हणून तुमच्याही बाबांची, आजोबांची एखादी गाडी कव्हरखाली झोपली असेल, तर 'बघू पुढच्या वर्षी' म्हणू नका.

जायचंय? मग हे लक्षात ठेवा

* कुर्ला स्टेशनला पश्चिमेला उतरा आणि रिक्षावाल्याला 'सीएसटी रोड, स्पेअर पार्टवाले' म्हणा.
* जुना पार्ट सोबत न्याच. फोटोवर काम भागत नाही.
* शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी जाऊ नका, बरीच शटर काही वेळ खाली असतात.
* दरवाजे, काचा, दिवे, डॅशबोर्डचं प्लास्टिक जुनं चालेल. ब्रेक, टायर, बेल्ट आणि पेट्रोलचे पाइप मात्र नवेच घ्या.
* इंजिन किंवा गिअरबॉक्स घेत असाल तर बिल आणि मूळ गाडीचे कागद मागा. ते नसतील तर सरळ पुढच्या दुकानात. इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद लागते.
* घासाघीस करा, पण चहा नाकारू नका. खरी माहिती चहाबरोबरच येते!