घराला पत्ता असतो, पत्त्याला जात असते

घर बांधणे ही इतरांसाठी आयुष्यभराची हौस असेल. आपल्यासाठी ती सामाजिक लढाई आहे. विटा, वाळू, सिमेंट सगळ्यांना एकाच भावाने मिळते. जागा मात्र आडनाव विचारून मिळते. नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही नुकतेच घर बांधले, तेव्हा हे पुन्हा अनुभवले.

आमचे जुने घर वस्तीत. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला गायरान. भावांचे संसार वाढले, वस्ती इंचभर वाढली नाही. म्हणून रस्त्यालगत दीड गुंठ्याचा प्लॉट पाहिला. भाव ठरला, इसाराचा दिवस ठरला. मध्यस्थाने आमचे आडनाव सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी मालकाच्या घरात वाटणीचा वाद निघाला! दुसऱ्या ठिकाणी भाव एका रात्रीत दीडपट झाला. तोंडावर कुणीही जातीचा शब्द काढला नाही. आजचा जातीयवाद असाच गोड बोलतो. तिसरा मालक व्यवहाराला पक्का निघाला, म्हणून आज आमच्या डोक्यावर स्लॅब आहे.

मित्रांनो, हा प्रश्न एका कुटुंबाचा नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. तिच्यात 269 चौरस फुटांचे घर धरलेले आहे. योजना हवीच, तिच्यासाठी आपली माणसे पंचायत समितीत चपला झिजवतात. पण घरकुलाला आधी जागा लागते. जागा घेण्यासाठी अर्थसाहाय्य देणारी योजनाही आहे. मात्र पैसा हातात असून विकणाराच नसेल तर काय करायचे? मग घरकुले पुन्हा वस्तीतच उभी राहतात. कुडाच्या जागी काँक्रीट येते, वेस तिथेच राहते.

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी आठवा. भोतमांगे कुटुंबाकडे शेती होती, मुले शिकत होती. तरीही त्यांना पक्के घर बांधू दिले गेले नाही. 29 सप्टेंबर 2006 रोजी त्या घरातल्या चौघांची हत्या झाली. दलिताचे पक्के घर गावाच्या डोळ्यांत का सलते? कारण पक्के घर म्हणजे 'आम्ही इथेच राहणार, मान वर करून राहणार' ही घोषणा असते.

बाबासाहेबांनी हे भोगले होते. 1917 साली ते कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, पण त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. परदेशातली पदवी दाराबाहेर राहिली, जात आधी आत गेली. त्याच बाबासाहेबांनी पुढे 1930च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत ग्रंथांसाठी प्रशस्त जागा असलेले घर बांधले आणि त्याला मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव दिले, राजगृह. घर कुठे बांधायचे, कशासाठी बांधायचे आणि त्याला काय म्हणायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांनी त्या एका वास्तूत दिली.

कुणी म्हणेल, हे भारतातच चालते; पुढारलेल्या देशात घर म्हणजे फक्त घर. मग जपानकडे पाहा. तिथे बुराकुमिन नावाचा समाज आहे. कातडे कमावणे, जनावरे कापणे, मृतांची विल्हेवाट लावणे या कामांमुळे त्यांच्या पूर्वजांना अस्पृश्य ठरवले गेले. 1871 साली कायद्याने तो दर्जा रद्द झाला. 1922 साली या समाजाने क्योतोमध्ये सुइहेइशा ही स्वतःची संघटना उभी केली. 1969च्या विशेष कायद्यानंतर त्यांच्या वस्त्यांत नवी घरे, रस्ते, गटारे झाली. पण 1975 साली काय उघडकीला आले? बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या गुपचूप विकल्या जात होत्या आणि कंपन्या त्या विकत घेत होत्या. उमेदवार त्या वस्तीतला निघू नये, एवढ्यासाठी! चेहरा तोच, भाषा तीच, घरही नवे. तरी पत्त्याने घात केला. एवढेच नाही, तर काही बौद्ध मंदिरांनी या समाजातल्या मृतांना हीन अर्थाची नावे दिली होती. म्हणजे नुसता बुद्धाचा देश असून भागत नाही. जात नाकारणारा बुद्ध लागतो, आणि तो बाबासाहेबांनी आपल्याला दिला.

आपल्याकडे डिसेंबर 2020मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. 2024 साली आमच्या जिल्ह्याचेही नाव बदलले. अहिल्यानगर हे नाव पाट्यांवर लगेच लागले. आमच्या वस्तीला मात्र लोक अजून जुन्याच नावाने ओळखतात. पाटी बदलायला रंगारी पुरतो, जीभ बदलायला चळवळच लागते.

नव्या घराचे आम्ही काय केले, तेही सांगतो. पाया खोदायला मुहूर्त पाहिला नाही. गवंडी मोकळा होता तो दिवस धरला. वास्तुशांतीऐवजी त्रिशरण, पंचशील आणि बुद्धवंदना घेतली. नातेवाइकांत कुजबुज झाली, 'शांत केली नाही तर वास्तू बाधते.' आमची आई म्हणाली, "आजवर माणसंच बाधली, भिंत कधी बाधली नाही." ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नवरा-बायको दोघांचे नाव लावून घेतले. बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या आधी पुस्तकांचे कपाट लागले. दारावरच्या पाटीचा वाद मात्र आठवडाभर चालला. धाकट्यांचे म्हणणे, आडनाव नको, उगाच कशाला नजरेत यायचे? शेवटी आडनाव लागले आणि वर 'जयभीम' लागले. लपवलेला पत्ता सुरक्षित असेल, पण तो आपला नसतो.

शेजारच्या काही घरांतून चहाला माणसे आली, काहींचे उपवास निघाले. उपवास किती दिवस चालतात ते पाहू. आम्ही काही घर सोडून जाणार नाही.

तरुणांनो, नोकरी लागली की गाडी घेण्याआधी जागेचा विचार करा. शक्य असेल तर वेशीच्या आत घ्या. जे वस्तीत राहतात त्यांच्या घरांच्या नोंदी, रस्ता, पाणी यांसाठी ग्रामसभेत उभे राहा. कारण वस्ती सोडणाऱ्याने वस्तीकडे पाठ फिरवली, तर त्याचे घर मोठे होते, समाज तेवढाच राहतो.

जयभीम! नमो बुद्धाय!