बादलीभर पाणी

रवींद्रनाथांची ‘पोस्टमास्तर’ ही कथा मी पहिल्यांदा वाचली ती नववीत, गावच्या वाचनालयातल्या पुठ्ठा गेलेल्या अनुवादात. तेव्हा दया आली ती पोस्टमास्तरची. कलकत्त्याचा मुलगा, उलापूरसारख्या आडगावात येऊन पडलेला, बोलायला माणूस नाही. बारा-तेरा वर्षांची पोरकी रतन त्याची वरकामं करते, तो तिला अक्षरं शिकवतो. केवढा भला माणूस, असं वाटलं. मला तुमच्या घरी न्याल का, असं ती विचारते आणि तो हसतो. मीही हसलो असेन.

पुढे पुण्यात सत्यजित राय यांचा ‘तीन कन्या’ (१९६१) पाहिला. रायनी त्या बाबूला नंदलाल केलंय. मूळ कथेत त्याला नावच नाही, नाव आहे ते रतनला. शेवटी ती पाण्याची बादली घेऊन त्याच्या समोरून निघून जाते आणि तिला द्यायला काढलेले पैसे तो परत खिशात ठेवतो. घसा दाटून आला. बाहेर येऊन चहा प्यायलो, विसरलो.

तिसरं वाचन पन्नाशीनंतरचं. तेव्हा कुठे त्या आंघोळीच्या पाण्यापाशी थांबलो. निघायच्या दिवशी त्याचं पाणी तयार असतं. तो किती वाजता निघणार हे रतनला विचारवलेलं नसतं. न जाणो, पहाटेच लागेल, म्हणून तिनं रात्रीच नदीवरून आणून ठेवलेलं असतं. तो हसला त्याच्यानंतर आणलेलं पाणी हे! आणि हा गृहस्थ आंघोळ उरकतो, नव्या मास्तरांना तुझ्याबद्दल सांगतो म्हणतो, वर पगारही देऊ करतो. नावेत बसल्यावर त्याच्या पोटात तुटतं, पण तोवर शिडात वारा भरलेला.

आमच्याकडे तांब्याचा बंब होता. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी पावणेसहाच्या एसटीनं तालुक्याला जायचो. उठावं तर पाणी कढत, शेजारी विसणाची कळशी भरलेली. ती कोण भरतं, बंब कधी पेटतो, हे प्रश्न मला पडले नाहीत. नवऱ्यानं टाकलेली आत्या आमच्याकडेच असायची. पावसाळ्यात तिचे डोळे लालभडक दिसत. मला आपलं वाटे, काहीतरी विकार असणार. एकदा तर मी तिला मोठ्या शहाणपणानं सांगितलं होतं, “आत्या, तालुक्याला डोळ्यांचे डॉक्टर आहेत, दाखवून ये.”

“दाखवीन हो,” ती म्हणाली आणि ओलं सरपण बंबात सारत राहिली.

ती गेली त्या वर्षी आम्ही गॅसचा गीझर बसवला. बंब मोडीत घातला. तांब्याला भाव चांगला आला.